अपहरण केलं कुणी?

जी.डी. आर्टच्या, म्हणजे चित्रकलेच्या पदविकेच्या वर्गाला बरोक ही सतराव्या शतकातली युरोपीय कलाशैली शिकवायला घेतली की मी सुरुवात बर्निनीच्या 'प्रोसर्पिना'पासून करायचे. विषय चित्रकलेचा, पण सतराव्या शतकातल्या रोमच्या डोळ्यांना काय हवं होतं ते त्या एका संगमरवरी शिल्पात फार चटकन कळतं. पाताळाचा राजा प्लूटो त्या मुलीला उचलून नेतो आहे. पडद्यावर त्याचा पंजा मोठा करून दाखवायचा. बोटं तिच्या मांडीत रुतली आहेत आणि दगड लोण्यासारखा दबला आहे. वर्गातून हमखास दाद यायची. मग मी सांगायचे की हे करणारा शिल्पकार जेमतेम तेविशीचा होता, साल १६२१-२२, आणि मुलं वहीत लिहून घ्यायची.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तिच्या गालावर काय आहे?"

मी चित्र वर सरकवलं. गालावर अश्रू आहे, दगडात कोरलेला. मांडीवरच्या बोटांइतक्याच निगुतीने बर्निनीने तोही केला आहे. मी कितीतरी वर्षं हे शिल्प शिकवत होते आणि त्या अश्रूबद्दल एकदाही बोलले नव्हते. मलाही तो शिकवताना कुणी दाखवला नव्हता.

तेव्हापासून बरोक चित्रांमधल्या अशा प्रसंगांकडे मी वेगळ्या नजरेने पाहते आहे. ते थोडेथोडके नाहीत. ग्रीक पुराणातले कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे भाऊ ल्युकिप्पसच्या मुलींना पळवून नेतात. रोमन सैनिक सबाइन लोकांच्या मुली उचलतात. रोमचा राजपुत्र टार्क्विन रात्री लुक्रेशियाच्या खोलीत शिरतो. दोन म्हातारे न्हाणाऱ्या सुझानाला धमकावतात. रुबेन्स, पूसाँ, पिएत्रो दा कोर्तोना, सगळ्या मोठ्या हातांनी हे विषय रंगवले, आणि राजेरजवाड्यांच्या, कार्डिनल म्हणजे चर्चमधल्या बड्या धर्माधिकाऱ्यांच्या दालनांत ही चित्रं मानाने लागली. त्यांतल्या हिंसेबद्दल कुणी बोललं की ठरलेलं उत्तर येतं : त्या काळी असंच होतं, आजची मापं त्यांना लावू नका. हे उत्तर मीही वर्गात दिलेलं आहे. आज मला ते खोटं वाटतं. तो काळ इतका भाबडा नव्हता. जबरदस्ती म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असूनच ती देखणी करून दाखवण्यासाठी त्याने आपलं सगळं कसब पणाला लावलं.

म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक या संग्रहालयातलं रुबेन्सचं ल्युकिप्पसच्या मुलींचं चित्र घ्या, साधारण १६१८ सालचं. सव्वादोन मीटर उंच, रुंदीही जवळपास तेवढीच. दोन पुरुष, दोन घोडे, दोन विवस्त्र मुली. चिलखत घातलेला कॅस्टर, उघड्या अंगाचा पोलक्स. मुलींची कांती दुधात केशर कालवावं तशी, आणि तिला लागूनच चिलखताचं गार लोखंड आणि घोड्याचं खरबरीत अंग. अशा जोड्या लावण्यात रुबेन्सचा हात धरणारा नव्हता. वरची मुलगी आकाशाकडे पाहते आहे. तिचा हात लांबला आहे, पण तो मदतीसाठी आहे की नृत्यातला, हे सांगता येत नाही. अंगावर कुठे वळ नाही, ओरखडा नाही. कुणाच्याच वजनाचा भार कुणाला होत नाही, सगळे जणू तरंगत आहेत. डाव्या बाजूला पंखवालं कामदेवाचं पोर घोड्याचा लगाम धरून लोंबकळतं आहे, आणि ते आपल्याकडे बघतं आहे.

माझा आक्षेप त्या पोराला आहे. कामदेव तिथे असला की प्रसंगाचं नाव बदलतं. त्याच्या हाती लगाम दिला की ही धरपकड प्रेमाच्या खात्यावर जमा होते. कथेत पुढे त्या मुलींची त्याच दोघांशी लग्नं होतात, त्यामुळे प्रेक्षकाला हायसं वाटायला जागा आधीच तयार असते. या चित्रात १६१५ साली फ्रान्स आणि स्पेनच्या राजघराण्यांत झालेल्या दुहेरी सोयरिकीची सावली आहे, असं काही अभ्यासक म्हणतात. तसं असेल तर गोष्ट आणखी गंभीर होते. राज्यांचा तह सांगायला हेच रूपक सोयीचं वाटलं, एवढा तो प्रसंग सरावाचा होता.

शब्दांचा मुद्दा इथेच येतो. लॅटिनमध्ये 'राप्तुस' म्हणजे उचलून नेणं, हिसकावणं. मुलगी ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडून ती हिरावली जाणं हा त्या शब्दाचा गाभा, म्हणून नुकसान झालं ते मुख्यतः बापाचं किंवा नवऱ्याचं. या शब्दाला धरून अभ्यासक सांगतात की अशा चित्रांच्या नावात बलात्कार वाचू नका, अपहरण वाचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या पूसाँच्या सबाइन मुलींच्या चित्राखाली आता 'अपहरण' हाच शब्द आहे. भाषेच्या इतिहासाला धरून ते बरोबर असेलही. पण उचलून कशासाठी नेलं, याचं उत्तर त्या शब्दात नाही.

मराठीत आपल्याकडे 'हरण' आहे. सीताहरण आणि सुभद्राहरण एकाच शब्दात बसतात. रुक्मिणीहरणही त्यातच बसतं, खरं तर बसायला नको, कारण रुक्मिणीने स्वतः पत्र धाडून कृष्णाला बोलावलं होतं. एकनाथांनी ती कथा सांगताना ग्रंथाला नाव दिलं 'रुक्मिणीस्वयंवर'. रथात कुणी कुणाला घातलं यापेक्षा निवड कुणाची होती, हे नाथांना महत्त्वाचं वाटलं असणार. वर्गात हे सांगितलं की मुलांना मुद्दा लगेच कळतो. रथ तोच, घोडे तेच, पाठलागही तोच, पण एका बाईने पत्र लिहिलं आहे आणि दुसरीला फसवून कुटीबाहेर काढलं आहे.

पूसाँचं ते चित्र १६३३-३४ च्या सुमाराचं. पूसाँ फार विचार करून रचना करणारा. मेणाच्या छोट्या बाहुल्या करून त्या खोक्यातल्या रंगमंचावर मांडायचा, प्रकाश कुठून येतो ते पाहायचा आणि मग ब्रश हातात घ्यायचा. कथा रोमच्या स्थापनेची. नव्या शहरात बायका नाहीत, शेजारी मुली द्यायला तयार नाहीत, म्हणून रोम्युलस उत्सवाच्या मिषाने सबाइनांना बोलावतो आणि इशारा होताच सैनिक त्यांच्या मुलींवर झडप घालतात. चित्रात तो डावीकडे उंचावर उभा राहून अंगावरचं वस्त्र उचलतो आहे, तोच तो इशारा. खाली सगळा कल्लोळ आहे. उजवीकडे पिवळ्या चिलखतातला सैनिक एकीला कमरेत धरून उचलतो आहे. पुढे जमिनीवर तान्ही मुलं पडली आहेत, जवळ एक म्हातारी आहे. पूसाँला ती मुलं दिसली, म्हातारी दिसली. काय चाललं आहे हे त्याला कळत नव्हतं, असं कोण म्हणेल? पण आकृत्या प्राचीन शिल्पांच्या पवित्र्यात गोठवलेल्या आहेत आणि रचनेतल्या तिरप्या रेषा इतक्या चोख जुळवल्या आहेत की आक्रोशही वाद्यमेळासारखा भासतो.

हे चित्र समजायला प्राचीन रोमन कवी ओव्हिड जवळ ठेवावा लागतो. बरोक चित्रकार आणि त्यांचे आश्रयदाते सगळे त्याच्यावर पोसलेले. प्रेम कसं जमवावं याचे धडे देणाऱ्या आपल्या काव्यात त्याने सबाइन मुलींचा प्रसंग घेतला आहे. तिथे तो म्हणतो की त्यांतल्या कितीतरी जणींना भीतीच शोभून दिसली असेल. आणि शेवटी रोम्युलसला उद्देशून म्हणतो की सैनिकांना असं वेतन मिळणार असेल तर मीही सैन्यात भरती होईन. भीती शोभून दिसते, हे वाक्य मला या सगळ्या चित्रांच्या मुळाशी दिसतं. चित्रकाराने भीती लपवलेली नाही, तिचा दागिना केला आहे. बर्निनीने अश्रू कोरला तो याच हिशेबाने, असं मला आता वाटतं. पाणावलेला गाल कोरणं हे दबलेल्या मांडीइतकंच अवघड काम आहे, आणि दोन्हींना दाद एकाच ठिकाणाहून मिळते.

एक उदाहरण थोडं आधीचं आहे, पण सांगायलाच हवं. फ्लॉरेन्सच्या चौकात जांबोलोन्याचं १५८३ सालचं शिल्प आहे. एक पुरुष, त्याने वर उचललेली स्त्री, पायाशी दबलेला दुसरा पुरुष. तीन देह एकाच दगडात मळसूत्रासारखे गुंफून दाखवायचे एवढंच शिल्पकाराच्या मनात होतं. 'सबाइन स्त्री' हे नाव शिल्प झाल्यावर दिलं गेलं. म्हणजे स्त्रीला बळाने उचलणं हा विषयसुद्धा नव्हता, नुसती बैठक होती. गोष्ट मागाहून शोधली.

आता 'त्या काळा'कडे येऊ. १६११ साली रोममध्ये कार्डिनल सिपिओने बोर्गेझेच्या बागेतला एक मंडप रंगवण्याचं काम दोन चित्रकारांकडे होतं. ओराझियो जेंतिलेस्की मानवाकृती काढायचा, आगोस्तिनो तास्सी त्यांच्याभोवतीच्या कमानी आणि खांब, दृष्टिभ्रमाचं काम. ओराझियोची मुलगी आर्तेमिझिया तेव्हा सतरा वर्षांची होती आणि बापाच्या हाताखाली तयार झालेली चित्रकार होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात तास्सीने तिच्या घरात तिच्यावर बलात्कार केला. मग लग्नाचं वचन देऊन महिनोन्महिने झुलवत ठेवलं. १६१२ मध्ये ओराझियोने थेट पोपकडे फिर्याद केली. पोप होते पाचवे पॉल, सिपिओनेचे सख्खे मामा.

खटला सात महिने चालला. त्याची कागदपत्रं रोमच्या सरकारी दफ्तरखान्यात आजही आहेत. आर्तेमिझियाने सगळं सांगितलं आहे. तोंडात रुमाल कोंबला होता, मी त्याचं तोंड ओरबाडलं, केस ओढले, सुटल्यावर खणातला सुरा काढून त्याच्यावर फेकला. सुइणींकडून तिची तपासणी झाली. मग ती खरं बोलते आहे का हे पाहायला तिच्या बोटांभोवती दोऱ्या बांधून त्या आवळल्या गेल्या, तास्सीच्या समोर. चित्रकाराची बोटं ती. दोऱ्या आवळल्या जात असताना ती त्याला म्हणाली, "हीच अंगठी तू मला देतोस, आणि हीच तुझी वचनं." आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिली : हे खरं आहे, खरं आहे.

तास्सी दोषी ठरला, त्याला रोममधून हद्दपारीची शिक्षा झाली, आणि ती कुणी फारशी मनावर घेतली नाही. १६१६-१७ मध्ये तो पोपच्या क्विरिनाल राजवाड्यात भिंती रंगवत होता. १६२१ मध्ये लुदोविसी घराण्याच्या वाड्यात ग्वेर्चिनोच्या छतचित्राभोवतीची वास्तू त्याने रंगवली. त्याच सुमाराला सिपिओने बोर्गेझेने तेविशीतल्या बर्निनीला 'प्रोसर्पिना'चं काम दिलं, आणि शिल्प पूर्ण झाल्यावर ते भेट म्हणून पाठवलं कुणाला, तर लुदोविसी घराण्यातल्या कार्डिनलला.

हा योगायोग मी कुणाला गुन्हेगार ठरवायला मांडत नाही. सांगायचं एवढंच की हे एकच शहर आहे, हेच आश्रयदाते आहेत, हेच चित्रकार आहेत. सिपिओनेच्या पगारावरच्या एका चित्रकाराने दुसऱ्याच्या मुलीवर बलात्कार केल्याचा खटला त्याच्या मामांच्या न्यायालयात चालला होता. जबरदस्ती कशी दिसते, रुमाल कुठे असतो, नखं कुठे लागतात, हे तिथे शपथेवर लिहून घेतलेलं होतं. आणि दहा वर्षांनी त्याच दरबारात संगमरवराची मऊ मांडी वाखाणली गेली. 'आजची मापं लावू नका' म्हणणाऱ्यांना मी १६१२ चं माप देते. ते पुरेसं आहे.

त्या कायद्याचीही मर्यादा होती. खटला उभा राहिला तो कुमारिकेचा कौमार्यभंग म्हणून, बापाच्या अब्रूचं नुकसान म्हणून. ती कुमारिका नसती तर फिर्यादच टिकली नसती. हे वाचताना मला आपलं मथुरा प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण. चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये त्याविरुद्ध खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. रुबेन्सचं चित्र आणि तो निकाल यांत कार्यकारणाचं नातं नाही, तसं मी म्हणणारही नाही. पण ओरखडा नाही म्हणजे तिची हरकत नाही, असं वाचणारी नजर दोन्हीकडे एकच आहे.

आर्तेमिझियाने 'सुझाना' रंगवली १६१० साली, बलात्काराच्या आदल्या वर्षी. बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकातली ही कथा चित्रकारांची फार लाडकी. बाग, कारंजं, झाडं, आणि मधोमध न्हाणारी बाई. तिला पाहणाऱ्या म्हाताऱ्यांबरोबर आपणही पाहून घ्यायचं, अशी सोय. आर्तेमिझियाने बागच काढून टाकली. थंड दगडी बाक, मागे दगडी कठडा, आणि कठड्यावरून खाली वाकलेले दोन पुरुष. एक दुसऱ्याच्या कानाशी लागला आहे, दुसऱ्याने ओठांवर बोट ठेवलं आहे. सुझानाने दोन्ही हात वर करून मान पार वळवली आहे. पोटाला वळी पडली आहे, कारण बसून असं वळलं की पडतेच. सुझाना इथेही विवस्त्रच आहे.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे अशा चित्रांविरुद्ध आवाज उठतो तो नेमका चुकीच्या कारणासाठी. अंग उघडं दिसलं की तक्रार होते, प्रदर्शनावर पडदे टाकायची भाषा होते. मला त्या लोकांच्या रांगेत उभं राहायचं नाही. अंगभर वस्त्रं नेसवूनही एखाद्या बाईला पळवणं गोड करून दाखवता येतं, कॅलेंडरांवर ते आपण पाहिलेलं आहे. म्युनिकचं चित्र उद्या कुणी गोदामात टाकायला निघालं तर मी विरोधच करीन. ते दिसलं नाही तर ते काय करतं हे शिकवणार कसं?

दुसरी चूक आमच्या बाजूची आहे. आर्तेमिझियाचं प्रत्येक चित्र तिच्या बलात्काराची भरपाई म्हणून वाचायची सवय लागली आहे. बायबलच्या कथेतली युडिथ शत्रूचा सेनापती होलोफर्नेस याचं मुंडकं कापते, म्हणजे तो तास्सीच, असं दर दुसरा विद्यार्थी परीक्षेत लिहितो. रागाचा वाटा नसेलच असं नाही. पण त्या चित्रात दासी त्या माणसाला सगळ्या अंगभाराने दाबून धरते, युडिथच्या दंडाला ताण आहे, चादरीवर रक्त ओघळलं आहे. एक जड देह आवरायला किती ताकद लागते याचा हा चित्रकाराने केलेला अभ्यास आहे. तीच १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या चित्रकला अकादमीची सदस्य झाली. व्हेनिस, नेपल्स, लंडन, चाळीसेक वर्षं ती काम करत राहिली. तिला पीडितेच्या चौकटीत बसवणं म्हणजे तास्सीला तिच्या प्रत्येक चित्रावर सही करू देणं आहे.

आणि हे पाहणं केवळ बाईलाच जमलं असंही नाही. रेम्ब्राँने १६६६ मध्ये लुक्रेशिया रंगवली, ती मिनियापोलिसला आहे. टार्क्विन चित्रात नाही. बळजबरी होऊन गेली आहे, तिने स्वतःला सुरा खुपसून बाहेर काढला आहे आणि पांढऱ्या झिरझिरीत कपड्यावर रक्त हळूहळू पसरतं आहे. डाव्या हाताने तिने घरच्यांना बोलावायच्या घंटेची दोरी धरली आहे. डोळे ओले आहेत. त्या ओलसरपणात शोभा शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. शतक तेच, विषय तोच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. संग्रहालयांनी, पाठ्यपुस्तकांनी आणि आम्ही शिकवणाऱ्यांनी चित्राखालची ओळ बदलावी. 'प्रोसर्पिनाचे अपहरण', 'सबाइन स्त्रियांचे अपहरण' या नावांत कर्ता नाही. आपल्या बातम्यांतही तसंच असतं : तरुणीवर अतिप्रसंग, विवाहितेचा विनयभंग. बाईचं नाव, वय, गाव सगळं येतं, करणारा मात्र वाक्याबाहेर उभा असतो. मराठी ही यासाठी फार सोयीची भाषा आहे. 'झालं', 'घडलं' म्हटलं की कुणी केलं हे विचारावंच लागत नाही.

या वर्षी मी वर्गातल्या टिपणांवरची नावं बदलली. 'प्रोसर्पिनाला उचलून नेणारा प्लूटो.' 'सबाइन मुलींवर झडप घालणारे रोमन सैनिक.' स्लाइडही आता गालापासून सुरू होते, मांडी नंतर. बर्निनीचं कसब तेवढंच दिसतं, मुलं दादही देतात, फक्त जरा थांबून. सुझानाच्या चित्रापाशी मात्र माझी अडचण झाली. सगळीकडे नाव एकच : 'सुझाना आणि म्हातारे'. दोन वयस्कर माणसं, जरा चळलेली, असंच कुणालाही वाटेल. मूळ कथा पुन्हा उघडून पाहिली. त्या वर्षी त्या दोघांना लोकांचा न्याय करायला नेमलेलं होतं. म्हणूनच ते तिला धमकावू शकले आणि त्यांची साक्ष लोकांनी आधी न तपासताच खरी मानली. फळ्यावर मी आता लिहिते : 'सुझाना आणि दोन न्यायाधीश, १६१०.'